जो उत्तर देतो, तो उत्तरदायी आहे काय?



हल्लीं खेड्यापाड्यांतही बहुतेक घरीं मोबाइल आला आहे, आणि कांहीं अडलें म्हणजे त्यासच विचारावें अशी संवय लहानथोरांस लागली आहे. पूर्वीं गूगलवर प्रश्न लिहिला म्हणजे अनेक पानांचीं नांवें पुढें येत, व त्यांपैकीं कोणतें उघडून वाचावयाचें हें आपण ठरवीत असूं. आतां तसें राहिलें नाहीं. २०२४ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेंत, व त्याच वर्षीं ऑगस्टांत आपल्या देशांत, गूगलनें नवी व्यवस्था सुरू केली. तींत कृत्रिम बुद्धीचें यंत्र निरनिराळ्या पानांवरील मजकुरावरून स्वतःच उत्तर रचितें, व तें सर्वांच्या वर मांडितें. पुष्कळ वेळां हें उत्तर बरोबर असतें, हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. परंतु जेथें जिवाचा प्रश्न आहे, तेथें ‘पुष्कळ वेळां’ एवढ्यानें भागत नाहीं. ह्या गोष्टीचा आज आपण विचार करूं.

१. यंत्र चुकतें तें कसें?

हें यंत्र अगणित लेख पाहून एवढें शिकलें आहे कीं, कोणत्या शब्दामागून कोणता शब्द बहुधा येतो. त्या अटकळीनें तें वाक्यें जुळवितें. लिहिणारा वैद्य होता कीं थट्टेखोर, हें त्यास नेहमींच ओळखतां येत नाहीं. २०२४ सालीं ही व्यवस्था नवीन असतां कोणीं विचारलें कीं, पिझ्झा नांवाच्या पदार्थावरून चीज घसरतें, त्यास उपाय काय? यंत्रानें सांगितलें, विषारी नसलेला थोडा गोंद मिसळावा! कोणा एकानें अकरा वर्षांपूर्वीं केलेली ती थट्टा होती. दुसऱ्या कोणीं विचारलें, दररोज किती दगड खावे? उत्तर आलें, निदान एक लहानसा खावा. हेंही एका विनोदी पत्रांतील थट्टेवरून घेतलेलें होतें. पुढें गूगलनें ह्या चुका मान्य करून सुधारणा केल्या.

लोक हंसले, परंतु ते कां हंसले, हें पाहा. दगड खाऊं नये हें प्रत्येकास आधींच ठाऊक होतें, म्हणून चूक उघडी पडली. आपण मात्र बहुधा जें ठाऊक नाहीं तेंच विचारीत असतों. तेथें चूक झाली तर ती ओळखावी कशानें? खरें सांगतांना यंत्राची भाषा जशी ठाम व नीटनेटकी असते, तशीच ती खोटें सांगतांनाही असते. हाच खरा धोका आहे.

२. एक ‘नका’ गळाला तर?

हें नवें यंत्र येण्यापूर्वींची, २०२१ सालची गोष्ट आहे. त्या वेळीं गूगल एखाद्या पानांतील उतारा आपोआप उचलून उत्तर म्हणून वर दाखवीत असे. मिरगीचा झटका आल्यास काय करावें, ह्या प्रश्नास असें उत्तर दिसलें: रोग्यास दाबून धरा, त्याच्या तोंडांत कांहीं घाला. मूळ पान एका विद्यापीठाच्या आरोग्यखात्याचें होतें व तें अगदीं बिनचूक होतें. त्यांत ह्या गोष्टी करूं नका म्हणून लिहिल्या होत्या. उतारा घेतांना तेवढा निषेध मागें राहिला, आणि उपदेशाचा अपाय झाला! मूळ आधार चांगला असला तरी संक्षेप चुकूं शकतो, हें ह्यावरून शिकावें.

मिरगीच्या रोग्यास धरून ठेवूं नये. तोंडांत चमचा, पाणी किंवा औषध घालूं नये. जवळच्या टणक वस्तु दूर सारून, डोक्याखालीं मऊ कापड ठेवून त्यास कुशीवर वळवावें व घड्याळाकडे पाहावें. झटका पांच मिनिटांहून अधिक चालला तर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. आपल्याकडे कांदा किंवा जोडा हुंगवितात, त्याचा कांहीं उपयोग नाहीं.

३. मिठाऐवजीं विष

२०२५ सालीं अमेरिकेंतील एका वैद्यकीय मासिकांत डॉक्टरांनीं एका साठ वर्षांच्या गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध केली. जेवणांतील मीठ अपायकारक आहे असें मनांत घेऊन त्यानें चॅटजीपीटी नांवाच्या, अशाच जातीच्या यंत्रास विचारलें, आणि मिठाऐवजीं सोडियम ब्रोमाइड हा क्षार तीन महिने खाल्ला. पूर्वीं ब्रोमाइड झोंपेचें औषध म्हणून देत असत. परंतु तें शरीरांत सांचून बुद्धि भ्रमिष्ट करितें, म्हणून तो प्रघात बंद पडला. ह्या गृहस्थास, शेजारी आपणांस विष घालीत आहे असें वाटूं लागलें. नाहीं तें दिसूं व ऐकूं येऊं लागलें. सुमारें तीन आठवडे इस्पितळांत राहून तो बरा झाला. तो अडाणी नव्हता. कॉलेजांत आहारशास्त्र शिकलेला होता. डॉक्टर अशा प्रश्नावर उलट विचारता, “मीठ बदलावयाचें तें कशासाठीं?” तो एक प्रश्न झाला असता, तर पुढचा अनर्थ टळला असता.

४. मग करावें काय?

यंत्रास मुळींच विचारूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. चूक झाली तर ती सुधारतां येईल अशा गोष्टी खुशाल विचाराव्या. परंतु सर्पदंश, विषबाधा, औषधाचें प्रमाण, बाळंतीण, तान्हें मूल, विजेची तार, ह्या ठिकाणीं चूक परत घेतां येत नाहीं. तेथें आपल्या शब्दाबद्दल जबाब देईल असें माणूस शोधावें. आशाताई, परिचारिका, सरकारी दवाखान्याचे डॉक्टर हीं माणसें रोग्यास डोळ्यांनीं पाहतात, उलट प्रश्न विचारतात, व चुकल्यास त्यांस जाब विचारतां येतो. यंत्र उत्तर देतें, पण उत्तरदायी होत नाहीं.

साप चावल्यास घट्ट आवळून बांधूं नये, कापूं नये, रक्त चोखूं नये. धीर देऊन व चावलेला अवयव स्थिर ठेवून, जेथें सर्पविषावरील लस मिळते अशा दवाखान्यांत ताबडतोब न्यावें. महाराष्ट्रांत १०८ हा आंकडा फिरविल्यास रुग्णवाहिका येते. फवारणीच्या औषधाची बाधा झाल्यास त्याचा डबा, चिठ्ठीसह, डॉक्टरांस दाखवावा. उतारा कोणता हें ओळखण्यास त्याचा उपयोग होतो.

ज्यांस वाचतां येतें त्यांजवर विशेष भार आहे. वाचतां न येणारा शेजारी आपण वाचून दाखवूं तें प्रमाण मानितो. म्हणून मोबाइलवरील मजकूर मोठ्यानें वाचण्यापूर्वीं, हें कोणीं सांगितलें, असें प्रथम आपल्या मनास विचारावें.

विचार करण्यासाठीं प्रश्न

१. दगड खाण्याचें उत्तर लोकांनीं लागलींच कां ओळखलें?
२. मूळ पान बिनचूक असतां मिरगीविषयींचें उत्तर घातक कसें झालें?
३. मिठाविषयीं डॉक्टर काय विचारता, जें यंत्रानें विचारलें नाहीं?
४. आपल्या गांवापासून सर्पविषावरील लस मिळण्याचें सर्वांत जवळचें ठिकाण कोणतें? हें ह्याच आठवड्यांत चौकशी करून लिहून ठेवावें, व घरांतील सर्वांस सांगावें.