मोबाइलवरील मराठी पुस्तक : वाचन-सॉफ्टवेअरची पारख

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली अस्तित्वात आला आणि अ, ब, क, ड या वर्गांची शासनमान्य ग्रंथालये तालुक्याच्या गावापासून लहान खेड्यापर्यंत पोहोचली. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयात दोन-चार कपाटे, एक टेबल आणि सायंकाळी येणारा ग्रंथपाल एवढाच संसार बहुधा आढळतो. त्या कपाटांत न मावणारे कितीतरी ग्रंथ आता मोबाइलवर वाचता येतात. बालभारतीची पाठ्यपुस्तके, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने, मराठी विश्वकोशातील नोंदी हे सर्व संकेतस्थळांवर विनामूल्य उपलब्ध आहे. ग्रंथ आहेत, यंत्रही पुष्कळांच्या हाती आहे. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे वाचन-सॉफ्टवेअर, ज्याला बोलीभाषेत नुसते ‘ॲप’ म्हणतात. हा दुवा कच्चा असला म्हणजे उत्तम ग्रंथसुद्धा पडद्यावर रिकाम्या चौकोनांची रांग होऊन उमटतो, आणि वाचक पुस्तकाला नव्हे तर स्वतःच्या अडाणीपणाला दोष देऊन मोबाइल बाजूला ठेवतो. शाळा, ग्रंथालय किंवा ग्रामपंचायत यांनी अशा सॉफ्टवेअरची निवड करताना काय पाहावे, याचा विचार येथे केला आहे.

हातात मावणाऱ्या यंत्रावर पुस्तक वाचण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत मायकेल हार्ट यांनी ४ जुलै १९७१ रोजी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची प्रत संगणकात टंकलिखित केली आणि प्रोजेक्ट गुटेनबर्ग या उपक्रमाचा पाया घातला. १९९६ मध्ये पाम पायलट हे खिशात मावणारे यंत्र बाजारात आले व त्यावर लोक कादंबऱ्या वाचू लागले. पुढे प्रत्येक कंपनीने स्वतःचा वेगळा साचा काढला. फ्रान्समधील मोबीपॉकेट आणि मायक्रोसॉफ्टचा रीडर ही दोन्ही २००० सालची अपत्ये. पहिली कंपनी २००५ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतली, तर दुसरे सॉफ्टवेअर २०१२ मध्ये बंद झाले. एका यंत्रासाठी घेतलेले पुस्तक दुसऱ्यावर उघडत नसे. हा गोंधळ कमी करण्यासाठी २००७ च्या सप्टेंबरमध्ये ‘ईपब’ हा सर्वांना खुला असलेला साचा प्रमाण म्हणून स्वीकारला गेला. आज त्याची देखभाल जागतिक वेबचे संकेत ठरविणारी डब्ल्यू३सी ही संस्था करते आणि त्याची ३.३ ही आवृत्ती २०२३ मध्ये प्रमाण ठरली.

पान की मजकूर?

निवडीचा पहिला प्रश्न ॲपचा नसून पुस्तकाच्या साच्याचा असतो, आणि बहुतेकांची गल्लत येथेच होते. पीडीएफ हा साचा छापील पानाचे हुबेहूब चित्र जपतो. १९९३ मध्ये तो निघाला तोच मुळी कोणत्याही संगणकावर पान जसेच्या तसे दिसावे म्हणून. शासन निर्णय, नकाशे, तक्ते, गणिताची पाठ्यपुस्तके यांसाठी तो योग्यच आहे. परंतु ए-४ आकाराचे पान २१० मिलिमीटर रुंद असते आणि सामान्य मोबाइलचा पडदा सुमारे ७० मिलिमीटर. संपूर्ण पान पडद्यावर बसविले तर अक्षर एक-तृतीयांश होते. बारा पॉइंटचा मजकूर चार पॉइंटचा झाल्यावर तरुण डोळ्यांनाही तो पेलत नाही. मग पान मोठे करायचे, प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे सरकवायची, पुन्हा मागे यायचे, अशी कसरत सुरू होते. चार-पाच पानांनंतर वाचकाचा धीर सुटतो.

ईपबची रीत निराळी. त्यात पान नसतेच, वाहता मजकूर असतो. अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने रचल्या जातात. वस्तुतः ईपब म्हणजे वेबपानांचे एक आवळलेले गाठोडे होय. त्यामुळे ते वजनालाही हलके असते. तीनशे पानांच्या कादंबरीत पानाला दीड हजार चिन्हे धरली, तर साडेचार लाख चिन्हे होतात. युनिकोडच्या सर्वाधिक रूढ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण सुमारे साडेतेरा लाख बाइट, आणि आवळल्यावर ते आणखी घटतात. तेच पुस्तक पानोपान स्कॅन केले आणि प्रत्येक चित्राला शंभर किलोबाइट धरले, तर तीस मेगाबाइट होतात. डोंगराळ भागात जेथे इंटरनेटचा वेग रडतखडत चालतो, तेथे हा फरक पुस्तक मिळणे आणि न मिळणे यांतला फरक ठरतो.

म्हणून निवडलेले ॲप ईपब आणि पीडीएफ दोन्ही उघडणारे असावे. पीडीएफ उघडताना पानाचा कोरा समास कापून टाकण्याची सोय असेल तर अक्षर तेवढ्याने बरेच मोठे होते. काही ॲप पीडीएफमधील मजकूर ओढून तो वाहता करून दाखवितात. इंग्रजीत ही युक्ती बहुधा साधते. मराठीत मात्र पीडीएफच्या पोटात अक्षरांऐवजी त्यांच्या आकृत्यांची जागा नोंदविलेली असल्यामुळे जोडाक्षरे तुटून पडण्याचा संभव फार. या सोयीवर मराठीपुरता भरवसा ठेवू नये.

देवनागरीची कसोटी

जाहिरातीत ॲपचे कितीही गुण सांगितलेले असोत, मराठी वाचकाच्या दृष्टीने त्याची खरी परीक्षा देवनागरीच्या मांडणीत होते. संगणक अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवितो. ‘शिक्षक’ या शब्दात श, मग ऱ्हस्व वेलांटी, क, हलन्त, ष आणि क अशी सहा चिन्हे साठविलेली असतात. वेलांटी श च्या आधी काढणे व क-ष यांचा क्ष करणे हे काम पडद्यावर मांडणी करणाऱ्या यंत्रणेचे. ती यंत्रणा नसलेल्या किंवा अर्धवट असलेल्या ॲपमध्ये वेलांटी भलत्या अक्षरावर बसते आणि हलन्तांचे पाय लोंबकळत राहतात. मोबाइलवरील संदेश शुद्ध दिसतात म्हणून पुस्तकही शुद्ध दिसेल असे गृहीत धरता येत नाही, कारण काही वाचन-ॲप मांडणीची स्वतःची यंत्रणा आणि स्वतःचे टंक वापरतात.

या परीक्षेसाठी शिक्षकांनी एक पानाचा मजकूर स्वतःच तयार करावा, हे उत्तम. त्यात राष्ट्रीय, उद्ध्वस्त, वाङ्मय, दुःख, क्लृप्ती, ऱ्हास, ऑगस्ट, ॲसिड असे शब्द हेतुपुरस्सर घालावेत. लिब्रे ऑफिस या विनामूल्य सॉफ्टवेअरमधून २०१८ पासून असा मजकूर थेट ईपब साच्यात काढता येतो. दर्या आणि दऱ्या ही जोडीही त्या पानात हवीच. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. हिंदीला डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या टंकात हा अर्धा र कधीकधी रफार होऊन डोक्यावर चढतो. मग आचाऱ्यांना दिलेला शिधा आचार्यांना जाऊन पोहोचतो! वरवर गमतीची वाटणारी ही चूक चौथीच्या विद्यार्थ्याच्या लेखनात कायमची मुरू शकते.

‘ॲ’ या अक्षराची कथाही लक्षात ठेवण्याजोगी आहे. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वीचे टंक असलेल्या जुन्या यंत्रावर या जागी रिकामा चौकोन दिसतो. शिवाय पुष्कळ लोक हेच अक्षर अ आणि चंद्र अशी दोन चिन्हे जोडून लिहितात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, परंतु यंत्राच्या लेखी ती भिन्न असतात. शोधाच्या चौकटीत एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या पुस्तकात कित्येकदा सापडत नाही. अर्ध्या र चीही हीच अवस्था आहे. शोध निष्फळ ठरला म्हणून तो शब्द पुस्तकात नाही, असा निष्कर्ष काढणे त्यामुळे धोक्याचे असते.

टंक बदलण्याची सोय ॲपमध्ये असणे अगत्याचे आहे. मराठीतील ल आणि श यांची वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत. काही टंकांत दोन्ही वळणे असतात, आणि पुस्तकाची भाषा मराठी अशी नोंद ईपबमध्ये केलेली असेल तर योग्य वळण आपोआप निवडले जाते, अर्थात ॲपने ती नोंद मानली तरच. राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध करून दिलेले यशोमुद्रा व यशोवेणू हे टंक, किंवा मुक्त परवान्याचा मुक्त हा टंक वापरून पाहावा. दोन्ही कडा सरळ राखणारी रचना मात्र बंद करावी. मराठी शब्द प्रत्ययांनी लांबतात, आणि अरुंद पडद्यावर कडा सरळ करण्याच्या नादात शब्दांमध्ये मोठी भगदाडे पडतात.

एक अडचण कोणतेही ॲप दूर करू शकत नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मुद्रणात श्रीलिपी, आकृती इत्यादी टंकप्रणालींचे राज्य होते आणि अनेक छापखान्यांत ते अद्याप टिकून आहे. त्या प्रणालींत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसविलेल्या असतात. अशा पुस्तकाची पीडीएफ दिसायला निर्दोष असते, पण तिच्यात शब्द शोधता येत नाही आणि ती यंत्राकडून वाचून घेतली तर निव्वळ निरर्थक ध्वनी कानी पडतात. ग्रामपंचायतीने एखादी स्मरणिका किंवा गावाचा इतिहास छापून घेताना मुद्रकाकडून युनिकोडमधील मजकूर मागून घ्यावा. हे काम छपाईच्या वेळी सुलभ असते, नंतर फार जिकिरीचे होते.

डोळ्यांऐवजी कान

अंध आणि मंददृष्टी वाचकांसाठी हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. अँड्रॉइड मोबाइलवर मराठी मजकूर मोठ्याने वाचणारा आवाज उपलब्ध आहे. त्याचा उपयोग करू देणारे ॲप निवडले तर ईपबमधील संपूर्ण पुस्तक ऐकता येते. स्कॅन केलेले पान मात्र यंत्राच्या दृष्टीने फक्त चित्र असते, तेथे आवाज मुका होतो. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाची सुगम प्रत तयार करण्यास मुभा दिली आहे. मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा २०१४ मध्ये पहिला देश ठरला आणि २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. ज्या गावात असा एकही वाचक असेल, तेथे ॲपची अंतिम पसंती त्याच्या हाती मोबाइल देऊन ठरवावी. बटणांवर नावे लिहिलेली नसतील तर आवाज केवळ ‘बटण, बटण’ एवढेच सांगत राहतो, ही उणीव डोळसाच्या ध्यानी सहसा येत नाही.

विकत घेतलेले पुस्तक कोणाचे?

२००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे खरे, आणि पैसेही परत मिळाले, परंतु रात्रीतून कपाटातले पुस्तक नाहीसे व्हावे तसाच तो प्रकार होता. कंपनीच्या प्रमुखांना पुढे क्षमा मागावी लागली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकानच बंद केले, तेव्हा विकलेली सर्व पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांवर उघडेनाशी झाली. तेथेही रक्कम परत करण्यात आली, आणि ज्यांनी पुस्तकांत टिपणे केली होती त्यांना २५ डॉलर अधिक देण्यात आले. टिपणे अर्थातच गेली. कुलूपबंद साच्यातील पुस्तक घेणे म्हणजे त्याचे मालक होणे नव्हे, वाचनाचा परवाना मिळविणे होय. व्यक्तीने ते घ्यावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. सार्वजनिक निधीतून खरेदी करणाऱ्या ग्रंथालयाने मात्र कुलूप नसलेल्या प्रतीचा आग्रह धरावा आणि फाइल स्वतःजवळ जपून ठेवावी.

किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या डिसेंबरपासून मिळू लागली, आणि २०२२ पासून वाचकाला स्वतःजवळचे ईपब त्यावर पाठविता येते. गुगल प्ले बुक्समध्येही स्वतःचे ईपब किंवा पीडीएफ चढविता येते, मात्र त्यासाठी गुगलचे खाते लागते. रीडएरा खाते न मागता मोबाइलमध्येच असलेली पुस्तके उघडते. केओरीडर हे मुक्त सॉफ्टवेअर असून त्यात पीडीएफचे समास कापण्याची आणि शब्दकोश जोडण्याची सोय आहे. त्याची मांडणी मात्र नवख्याला बुचकळ्यात टाकते. शाळेसाठी रीडएरासारखे साधे ॲप आणि ग्रंथपालासाठी केओरीडर अशी वाटणी बहुधा सोयीची पडेल. साचा बदलण्याचे काम ग्रंथालयाच्या संगणकावर कॅलिबर या मोफत सॉफ्टवेअरने करता येते. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आजही चालू आहे.

ॲप घेताना ते कोणत्या परवानग्या मागते तेही पाहावे. पुस्तक वाचण्यासाठी फाइलींपर्यंत पोहोचण्याची परवानगी पुरते. संपर्कांची यादी, ध्वनिग्राहक किंवा ठावठिकाणा मागणाऱ्या ॲपला नकार देणे इष्ट. मुलांच्या हाती जाणाऱ्या यंत्रावर जाहिराती दाखविणारे ॲप तर मुळीच नको.

पुस्तके कोठून घ्यावीत, यालाही कायद्याची मर्यादा आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुले आहे. हयात लेखकाची कादंबरी स्कॅन करून पालकांच्या गटात पाठविणे मात्र कायद्याविरुद्ध आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

निवड पक्की करण्यापूर्वी तयार केलेले कसोटीचे पान गावात वापरात असलेल्या सर्वांत जुन्या मोबाइलवर उघडून पाहावे, आणि तेही इंटरनेट बंद ठेवून. मुख्याध्यापकांच्या नव्या यंत्रावर सर्वच ॲप चांगली चालतात. पाचवीतल्या मुलीच्या घरी मात्र बहुधा थोरल्या भावाने वापरून झालेला, तडा गेलेल्या पडद्याचा आणि भरत आलेल्या साठवणीचा मोबाइल असतो. पुस्तक उघडायचे आहे ते त्यावर.