शर्यत, सारथी आणि नियम

ओहोटीला तोंडवलीची पुळण अशी घट्ट होते की गाडीचे चाक तीत रुतत नाही. अशी वाळू दिसली की कोकणी माणसाच्या मनात शर्यत येतेच. अलिबागकडच्या किनाऱ्यावर तर बैलगाड्या पळतातही. तेव्हा शर्यतीच्या नियमांचा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांस परका वाटू नये.

डिसेंबर 2021 मध्ये चार दिवसांच्या अंतराने दोन निर्णय झाले. 12 तारखेस अबूधाबीच्या फॉर्म्युला वन मोटारशर्यतीत संचालक मायकेल मासी यांनी शेवटच्या फेरीच्या तोंडावर, एक फेरी मागे पडलेल्या गाड्यांपैकी हॅमिल्टन व व्हर्स्टापेन यांच्यामधल्या पाचच गाड्या पुढे काढून दिल्या. वाट मोकळी झाली आणि व्हर्स्टापेन जगज्जेता ठरला. वाद पेटला तो एका शब्दावरून. नियमात 'कोणत्याही' गाड्या असे होते. त्याचा अर्थ 'सर्व' की 'निवडक'? 2022 मध्ये तेथे 'सर्व' असा शब्द घातला गेला आणि मासींचे पदही गेले. तेथे चालकासही सूट नाही. 1997 साली हेरेथला शूमाकरने प्रतिस्पर्ध्याच्या गाडीवर आपली गाडी घातली, तेव्हा त्याचे त्या वर्षीचे दुसरे स्थान काढून घेण्यात आले. शिक्षा एकट्यास झाली. शर्यती चालू राहिल्या.

16 तारखेचा निर्णय दिल्लीचा. महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींस सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली. 7 मे 2014 च्या निकालाने त्या बंद झाल्या होत्या. आसूड, पराणी, शेपटी पिरगाळणे हे प्रकार करणारे गाडीवान किती आणि न करणारे किती, याचा निवाडा करील अशी सर्वमान्य संस्था आपल्याकडे नव्हती. दंड सगळ्यांनाच बसला. अर्थात न्यायालयाचा आक्षेप केवळ गाडीवानावर नव्हता. बैल हा मुळात शर्यतीचा प्राणीच नव्हे, असे त्याने म्हटले होते, आणि हा मुद्दा मला आजही सहज झटकून टाकता येत नाही.

राज्याच्या 2017 च्या कायद्याने व नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक केली. बैलास यातना दिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. 18 मे 2023 रोजी घटनापीठाने हा कायदा वैध ठरविला.

कागद चोख आहे. परंतु शेवटच्या शंभर हातांत गाडीवानाचा हात कोठे गेला, हे पाहणारा पंच बहुधा त्याच गावचा, पुष्कळदा त्याचा सोयराच असतो.