पेंडीचं पाणी आणि पालकाची मुळं

नारायणगाव पट्ट्यात कोकोपीट नवं नाही. टोमॅटोची रोपं त्याच्याच ट्रेमध्ये वाढतात. रोपांचं माध्यम सेंद्रिय, म्हणून शेडनेटमध्ये पाइपातल्या वाहत्या पाण्यावर पालक घेताना खतही सेंद्रियच द्यायचं ठरलं. भिजवलेल्या शेंगदाणा पेंडीचं पाणी आणि व्हर्मीवॉश थेट टाकीत सोडलं. थोड्याच दिवसांत पाण्यावर तवंग आला, सडका वास सुटला आणि पांढरी मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली.

पेंडीत साधारण ७ टक्के नत्र असतो, पण तो प्रथिनांत अडकलेला. जिवाणू त्याचा आधी अमोनिया, मग नायट्राइट, शेवटी नायट्रेट करतात. पालकाला हवं ते हे शेवटचं. जमिनीत हे काम आपोआप होतं. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतात आणि कच्ची पेंड कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. उन्हाळ्यात तर तो मुळातच कमी: २० अंशाला लिटरमध्ये ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. ईसी मीटरवर विसंबू नका. तो विरघळलेले क्षार मोजतो, अडकलेला नत्र त्याला दिसत नाही. आकडा कमी दिसला की माणूस आणखी पेंड ओततो आणि पीक हातचं जातं.

जपानमध्ये शिनोहारा आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यावर वाट दाखवली: पाण्याला कंपोस्टचं विरजण लावायचं, हवा खेळती ठेवायची, खत थोडं थोडं द्यायचं. आपणही वेगळ्या पिंपात चांगल्या कुजलेल्या कंपोस्टची पुरचुंडी सोडावी, एअर पंप चालू ठेवावा आणि पेंडीचं पाणी थोडं थोडं घालावं. मत्स्यालयाच्या दुकानातल्या तपासणी संचावर अमोनिया व नायट्राइट जवळजवळ शून्य आणि नायट्रेट वाढलेलं दिसल्यावरच ते पाणी पिकाला द्यावं. पीएच ६च्या खाली गेला की जिवाणू मंदावतात.

एवढी राखण जमत नसेल, तर मी पाइप सुचवणारच नाही. धुतलेलं कोकोपीट आणि गांडूळखत भरलेले ट्रे घ्यावेत. जिवाणूंना बसायला जागा मिळते. मंचरच्या बाजारात जुडीने विकायच्या मेथी-कोथिंबिरीलाही हेच सोयीचं. शेणाची स्लरी किंवा जीवामृत मात्र कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांच्या पाण्यात नको. त्यातले रोगजंतू थेट ताटात येतात. निर्यातीचा विचार असेल, तर युरोपात पाण्यावर वाढवलेल्या पालेभाजीला सेंद्रिय शिक्का मिळत नाही, हे आधीच धरून चला.

आणि एअर पंपाला इन्व्हर्टर हवाच. रात्री वीज गेली आणि हवा बंद पडली, तर तयार झालेलं पिंपही नासतं.