खिशातला चाकू : पाते कोणत्या घाटाचे घडवावे?

मिटता चाकू घडवणारा आपला कारागीर बहुतेक वेळा मुठीवर मेहनत घेतो. शिसवी लाकूड लावावे की शिंग, टोकाला पितळी टोपी बसवावी की नको, याचा तो दहा वेळा विचार करतो. पाते मात्र 'नेहमीचेच' काढतो. नेहमीचे म्हणजे लांब, निमुळते, पुढे अणकुचीदार, रामपुरीच्या वळणाचे. गिऱ्हाईक दुकानात ते उघडून पाहते, खूश होते आणि पुष्कळदा न घेताच परत ठेवते. कारण सरळ आहे. त्याला हवा असतो दोरी कापणारा, खोकी उघडणारा, फळ सोलणारा चाकू. आपण त्याच्या पुढे ठेवतो ते सिनेमातल्या गुंडाच्या हातातले हत्यार.

म्हणून आज या पानावर आम्ही एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत. खिशातल्या पारंपरिक चाकूला पाते कोणत्या घाटाचे असावे? आमचे उत्तर आरंभीच सांगतो. पाते डोळ्याला काय आवडते यावरून ठरवू नये, ज्याच्या खिशात ते जाणार आहे त्याच्या कामावरून ठरवावे.

माझगावचे काम कोणते?

माझगाव हे पाण्याच्या कडेला वाढलेले गाव. १७७४ साली येथे जहाजदुरुस्तीची लहानशी गोदी बांधली गेली. पुढे १९३४ मध्ये तिची माझगाव डॉक कंपनी झाली आणि १९६० मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली. भाऊच्या धक्क्यावर मच्छीमार बोटी लागतात आणि लाँचेस सुटतात. दारूखान्याच्या बंदरावर जुनी जहाजे तोडली गेली आणि त्या लोखंडावर आपल्या कितीतरी व्यापाऱ्यांची घरे चालली. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पिढ्यान् पिढ्या पी. अँड ओ. सारख्या कंपन्यांच्या बोटींवर डेकचे खलाशी म्हणून गेले. त्यांतले कित्येक सारंग आणि तांडेल झाले. सफरीच्या आधी आणि नंतर त्यांचा मुक्काम याच डोंगरी-माझगावच्या वस्तीत असे.

या सगळ्या माणसांच्या हाताला रोज काय लागते? दोरखंड, जाळे, ताडपत्री, सुतळी, गोणपाट, खोके. भोसकण्याचे काम त्यांत एकही नाही. सगळे काम ओढून कापण्याचे आहे. मग पात्याला टोचणारे टोक हवेच कशाला?

पात्यांचे मुख्य घाट

पाते पाहताना तीन गोष्टी पाहाव्यात. धार सरळ आहे की पोटाळलेली, पाठ कुठून उतरते आणि टोक कोणत्या उंचीवर येते. सगळे घाट या तीन गोष्टींच्या फेरफारातून निघतात.

*खुरी पाते.* इंग्रजीत याला शीपफूट म्हणतात, म्हणजे मेंढीचे खूर. धार टाचेपासून टोकापर्यंत अगदी सरळ असते आणि पाठ शेवटी गोलाईने खाली उतरून धारेला मिळते. नाक बोथट राहते. ब्रिटिश नौदलाच्या खलाशांच्या मिटत्या चाकूत हेच पाते असे, आणि दोराचे पीळ सोडवण्यासाठी जोडीला एक लोखंडी सळा असे. हलत्या डेकवर पाय घसरला तरी असे पाते स्वतःच्या किंवा सोबत्याच्या अंगात घुसत नाही. दुसरा फायदा कापण्यातला आहे. पोटाळलेल्या धारेवरून दोर टोकाकडे निसटतो, सरळ धारेखाली तो शेवटपर्यंत दाबलेला राहतो. तिसरा फायदा म्हणजे सरळ धार कोणत्याही सपाट सहाणेवर सहज लागते. खलाशी बोटीवर स्वतःच ती लावू शकतो.

*उतरत्या पाठीचे पाते.* याला वॉर्नक्लिफ म्हणतात. धार सरळच असते, पण पाठ फार आधीपासून हळूहळू उतरते. त्यामुळे टोक बारीक आणि तीक्ष्ण होते. चामड्यावर किंवा पुठ्ठ्यावर रेघ मारून कापणाऱ्याला हे उत्तम. दोर ओढणाऱ्याच्या हातात मात्र ते टोक लवकर मोडते.

*भालाटोकी पाते.* धार आणि पाठ दोन्ही सारख्या वळून मध्यावर मिळतात. हा सर्वसाधारण घाट आहे. थोडे फळ, थोडी दोरी, थोडे सगळेच करतो. याचीच लहान आवृत्ती म्हणजे पेन-पाते. पूर्वी पिसाची लेखणी तासायला ते वापरत, म्हणून हे नाव. आपल्याकडे उर्दूचे कातिब बोरूची कलम तासत आणि त्या चाकूला कलमतराश म्हणत. आज ते लहान पाते पेन्सिलीला, पार्सलला, काटा काढायला उपयोगी पडते.

*कापल्या पाठीचे पाते.* याला क्लिप म्हणतात. पाठीचा पुढचा भाग खोलगट कापून टोक वर आणि बारीक केलेले असते. रामपुरीचे वळण याच कुळातले. टोक भेदक, दिसायला रुबाबदार. शिकाऱ्याला त्याचा उपयोग आहे. गोदीतल्या माणसाला फारसा नाही.

*पोटाळ पाते.* इंग्रजी नाव स्पे. धारेला पुढे मोठी गोलाई आणि टोक बोथट. जनावराची चामडी सोलताना कातड्याला भोक पडू नये म्हणून ही गोलाई कामाची. चामड्यावर सुरीची खूण पडली की त्याचा भाव उतरतो, हे आपल्या खाटीक बंधूंना सांगायला नको. पण येथे एक इशारा द्यावासा वाटतो. मांसाच्या कामाला मिटता चाकू विकू नये. सांध्यात चरबी आणि रक्त अडकते आणि ते नीट धुता येत नाही. जबहसाठी तर खिशातले आखूड पाते अजिबात योग्य नाही. जनावराला त्रास होऊ नये म्हणून सुरी चांगली धारदार करावी, अशी शिकवण सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आहे. त्या कामाला लांब, एकसंध सुरीच हवी.

*कलमी पाते.* आंब्याची कलमे बांधणाऱ्यासाठी. धार सरळ आणि तासणी एकाच बाजूने, म्हणजे काप सपाट येतो आणि खुंट व काडी नीट चिकटतात. माझगाव एके काळी आंब्यांसाठी प्रसिद्ध होते. आज या चाकूचे गिऱ्हाईक कोकणातल्या रोपवाटिकांत आहे.

मिटल्यावर टोक कुठे जाते?

चाकू उघडा असताना सगळे पाहतात. जाणता कारागीर तो मिटवून पाहतो. पाते मिटते तेव्हा धार मुठीच्या आत जाते आणि पाठ बाहेरच्या बाजूला राहते. म्हणून ज्या पात्याचे टोक धारेच्या रेषेवर असते, त्याचे टोक मुठीत खोल गाडले जाते. खुरी पात्याचे असेच होते. भालाटोकीचे टोक मध्यावर असल्याने काठाच्या जवळ येते. क्लिपचे टोक पाठीकडे उचललेले असल्याने ते काठाच्या अगदी कडेला येते आणि जरा चूक झाली की बाहेर डोकावते.

ही चूक आमच्या हातूनही झाली आहे. सुरुवातीच्या एका खेपेत आम्ही क्लिप पाती बसवली. टोक तांदळाच्या कणीएवढे वर राहिले होते आणि आमच्या नजरेला ते आले नाही. एका गिऱ्हाइकाने खिशात हात घातला आणि त्याचे बोट फाटले. आम्ही ती सगळी खेप परत घेतली. बाजारातून जाताना बाणाचे फाळ हातात धरावेत, म्हणजे कोणाला इजा होणार नाही, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मिटत्या चाकूचे टोक लपले आहे की नाही हे पाहणे, आमच्या समजुतीने, त्याच शिकवणीत येते.

आधी पत्र्याचा नमुना

पोलाद कापण्याआधी डब्याच्या पत्र्याची किंवा जाड पुठ्ठ्याची पाती करा. मुठीचा नमुनाही तसाच करा, खिळ्याच्या जागी टाचणी घाला आणि पाते उघडून-मिटवून पाहा. चार गोष्टी तपासा.

१. टोक मुठीच्या काठाखाली पूर्ण जाते का?
२. धार आतल्या कमानीवर आपटते का? आपटत असेल तर टाचेशी धारेच्या बाजूला लहानशी पुढे आलेली अडणी ठेवा. ती कमानीवर टेकते आणि धार अधांतरी राहते.
३. दोन पाती असतील तर एकाचे टोक दुसऱ्याच्या बुडावर घासते का?
४. नखाची खाच मिटलेल्या चाकूत बाहेर राहते का आणि ती अंगठ्याच्या नखाला सहज सापडते का? ओल्या हातानेही उघडून पाहा, कारण धक्क्यावर हात कोरडे नसतात.

चार इंचांची मूठ, तिच्या एका टोकाला पावणेतीन-तीन इंचांचे खुरी पाते आणि दुसऱ्या टोकाला पावणेदोन इंचांचे पेन-पाते, ही जोडी आम्हाला या भागासाठी सर्वांत योग्य वाटते. मोठे पाते पाठीशी दोन ते अडीच मिलिमीटर जाड असावे, लहान दीडच्या आसपास. मोठ्याने दोर कापावा, लहानाने बारीक काम करावे. एकाच पात्याकडून दोन्ही कामे मागितली की दोन्ही बिघडतात.

घाट बरोबर, पोलाद चूक

पोलाद चुकले तर घाट कितीही बरोबर असला तरी मेहनत वाया जाते. दारूखान्यातून येणारा जहाजाचा पत्रा स्वस्त मिळतो, म्हणून काही जण त्याचीच पाती काढतात. तो साधा नरम लोखंडी पत्रा असतो. त्यात कार्बन इतका कमी असतो की कितीही लाल करून विझवला तरी तो कडक होत नाही. असे पाते दोन दिवसांत बोथट होते. त्या पत्र्याच्या मुठीतल्या आतल्या पट्ट्या कराव्यात, पाती करू नयेत. पात्यासाठी ट्रकच्या कमानीचा पाटा चांगला, मात्र जुन्या पाट्यात बारीक तडे असतात, ते तपासून घ्यावेत.

माल ओळखण्याची साधी रीत अशी. एक लहान तुकडा कापा, लोहचुंबक चिकटेनासे होईपर्यंत लाल करा आणि लगेच तेलात विझवा. मग डोळ्यांवर चष्मा लावून, तुकडा शेगड्यात धरून हातोडा मारा. वाकला तर पात्याला निरुपयोगी, तुटला तर कडक होणारा माल. पात्याला तेलात पाणी दिल्यावर कानस चालवून पाहा, ती सरकली पाहिजे. त्यानंतर पाते घासून चकचकीत करा आणि फिकट पिवळा रंग येईपर्यंत हलका ताव द्या, नाहीतर ते काचेसारखे मोडेल. पाठीमागची कमान मात्र निळ्या रंगापर्यंत न्यावी, कारण तिला लवचीकपणा हवा.

नरम पत्र्याचे पाते 'कमानीच्या पोलादाचे' म्हणून विकणे ही उघड फसवणूक आहे. वर कोरडे आणि आत भिजलेले धान्य ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषितांनी (स.) दिलेला इशारा आपल्याला ठाऊक आहे. मालातला दोष दाखवून कमी भावाने विका, त्यात बरकत आहे.

कायदा आणि आपले नाव

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. पण याचा अर्थ लहान चाकू केव्हाही, कुठेही बाळगता येतो असा नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाईहुकूम निघतात तेव्हा चाकू बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. त्या काळात गिऱ्हाइकाला तसे सांगावे. बटण दाबताच उघडणारे चाकू तर आपल्या दुकानात ठेवूच नयेत.

बिलावर 'चाकू' एवढेच न लिहिता 'खलाशी दोरी चाकू, पाते तीन इंच' किंवा 'कलमी चाकू' असे लिहा. मालाचे काम कागदावर स्पष्ट असले की विकणारा आणि घेणारा दोघेही निर्धास्त राहतात. आपल्या वस्तीतल्या दुकानात चाकू दिसला की लोक लगेच भलताच अर्थ काढतात, हे दुखणे आपल्या सर्वांना माहीत आहे. त्यावर भाषणे करून उपयोग नाही. काउंटरवर बोथट नाकाचा, कामाचा, चोख धारेचा चाकू मांडलेला दिसला की त्या संशयाला परस्पर उत्तर मिळते.

सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे, आणि त्याबरोबरच चिलखताच्या कड्या मापात जोडण्याचा आदेशही आहे. लोखंडाच्या कामात ताकदीइतकाच मापाला मान आहे. कारागीर बंधूंनो, पुढची खेप घडवण्याआधी एक सकाळ भाऊच्या धक्क्यावर घालवा. तेथील माणसे चाकूने काय कापतात ते उभे राहून पाहा, आणि घरी येऊन त्या कामाच्या मापाचा पत्र्याचा नमुना करा.