डोंगर, दऱ्या आणि नीती : जुन्या चिनी प्रवासलेखनाची ओळख

ट्रेकवरून परतल्यावर आपण जे लिहितो त्याचा साचा साधारण ठरलेला असतो. पहाटेची एसटी, पाठीवरची सॅक, घसरडी वाट, माथ्यावरचं धुकं आणि शेवटी निसर्गाच्या कुशीत सारा शीण निघून गेल्याचं एक वाक्य. यात वाईट काहीच नाही. पण चीनमध्ये हजार-बाराशे वर्षांपूर्वी लिहिलेली प्रवासाची टिपणं इंग्रजी भाषांतरातून वाचताना मला जाणवलं, की ही मंडळी शीण गेल्यावर थांबत नाहीत. 'हे सुंदर आहे' असं म्हणून झालं, की ती स्वतःला विचारतात, 'मग मी वागावं कसं?' या लेखात त्यांच्यापैकी काही जणांची ओळख करून देतो.

या लेखनप्रकाराला चिनी भाषेत 'योऊ-जी' म्हणतात. 'योऊ' म्हणजे हिंडणं आणि 'जी' म्हणजे नोंद. बहुतेक नोंदी एक-दोन पानांच्याच. लिहिणारे बरेचसे सरकारी अधिकारी असत. राजधानीतलं वारं फिरलं, की त्यांची रवानगी कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यात व्हायची. तिथे काम कमी, वेळ भरपूर आणि मनात सल. या लेखनातलं सौंदर्य आणि नीती एकमेकांना इतकी चिकटलेली का, याचं एक मोठं कारण हेच आहे.

चारशे नाण्यांची टेकडी

ल्यू झोंगयुआन (७७३–८१९) हा तांग काळातला लेखक. ८०५ साली ज्या सुधारणावादी गटात तो होता, त्या गटाची सत्ता काही महिन्यांतच गेली. बत्तिशीतल्या ल्यूला दक्षिणेकडच्या योंगझोऊला नावापुरत्या पदावर धाडलं गेलं. दुसऱ्याच वर्षी त्याची आई तिथे वारली. जवळजवळ दहा वर्षं तो तिथे अडकून होता. तिथल्या डोंगर-ओढ्यांवर त्याने लिहिलेल्या आठ नोंदी चिनी साहित्यात प्रसिद्ध आहेत.

त्यातली एक नोंद एका लहानशा टेकडीची. मालकाने टाकून दिलेली, विकायला काढलेली, पण कुणी घेत नाही. किंमत फक्त चारशे नाणी. ल्यू ती विकत घेतो. मित्रांबरोबर गवत कापतो, निरुपयोगी झाडं तोडून जाळतो. मग खालून बांबू, चांगली झाडं आणि दगड दिसू लागतात. काही दगड ओढ्यावर पाण्याला उतरणाऱ्या गुरांसारखे, तर काही चढण चढणाऱ्या अस्वलांसारखे. नंतर तो म्हणतो, की हीच टेकडी राजधानीजवळ असती तर श्रीमंतांनी बोली चढवत नेली असती. इथे मात्र येणारा-जाणारा शेतकरीसुद्धा तिच्याकडे तुच्छतेने बघतो. टेकडी कुणाची गोष्ट सांगतेय हे वेगळं सांगायला नको. गुण तेच, जागा बदलली की किंमत शून्य!

पण ल्यू फक्त स्वतःचं रडगाणं गात बसला नाही. त्याच योंगझोऊमधल्या एका साप पकडणाऱ्यावरही त्याने लिहिलं. ही प्रवासाची नोंद नाही, तरीही ती टेकडीशेजारी ठेवूनच वाचावी. औषधासाठी विषारी साप पकडून दिले, की त्या माणसाला कर माफ. त्याचे आजोबा आणि वडील याच कामात मेले. तो स्वतः बारा वर्षांत अनेकदा मरता मरता वाचला. ल्यू त्याला सुचवतो, की हे काम सोड, तुझा कर पुन्हा सुरू करायला सांगू. तर तो माणूस रडायलाच लागतो. करापायी शेजारची घरंच्या घरं उठून गेली, निदान सापामुळे मी अजून इथे आहे, असं त्याचं म्हणणं. ज्या मुलखातला ओढा इतका सुंदर, त्याच मुलखात सापापेक्षा कर जास्त विषारी! ल्यूने दोन्ही गोष्टी पाहिल्या आणि दोन्ही लिहिल्या.

मनाचं हवामान

दोनशेहून अधिक वर्षांनी, सोंग काळात, फान झोंगयान (९८९–१०५२) याने १०४६ मध्ये युएयांगच्या मनोऱ्यावर लिहिलं. डोंगथिंग सरोवराकाठचा हा मनोरा फानच्या एका मित्राने दुरुस्त केला होता. मित्राची त्या भागात बदली झाली होती ती शिक्षा म्हणूनच, आणि फानचा स्वतःचा सुधारणांचा प्रयत्नही नुकताच फसला होता.

लेखात तो दोन देखावे रंगवतो. झडीच्या पावसात मनोऱ्यावर चढलेला माणूस खचून जातो, त्याला सगळीकडे शत्रू दिसतात. वसंतातल्या लख्ख उन्हात तोच माणूस सगळं विसरून खुलतो. इथे वाटतं की लेख संपला. पण फान म्हणतो, खरी मोठी माणसं या दोन्हींच्या पलीकडे असतात. बाहेरच्या हवामानावर त्यांचं मन हेलकावत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर लोकांच्या काळजीत त्यांचा नंबर पहिला आणि सुखाच्या रांगेत शेवटचा. म्हणजे इतकं सुंदर वर्णन करायचं आणि मग सांगायचं, की याच्या ताब्यात जाऊ नका!

मशाल शिल्लक होती

इंजिनीअरिंगवाल्यांना सगळ्यांत जवळचा वाटेल तो वांग आन्शी (१०२१–१०८६). १०५४ मध्ये तो चार सोबत्यांसह बाओचान डोंगरावरच्या एका गुहेत शिरला. पुढची गुहा सपाट आणि सोपी, त्यामुळे तिथे येऊन गेलेल्यांनी भिंतीवर बरंच लिहून ठेवलेलं. (ही सवय जागतिक दिसते!) मागची गुहा खोल, थंड आणि अवघड. जसजसं आत जावं तसतसं दृश्य अधिक अद्भुत. तेवढ्यात एक कंटाळलेला सोबती म्हणाला, परत फिरू, नाहीतर मशाली विझतील. सगळे फिरले. बाहेर आल्यावर वांगच्या लक्षात आलं, की अंगात ताकद शिल्लक होती आणि मशालीही अजून जळू शकल्या असत्या.

यावरून तो हिशोब मांडतो. दूरचं गाठायला इच्छा हवी, ताकद हवी आणि साधनं हवीत. सगळं असून पोहोचलो नाही तर पस्तावा आपला. पूर्ण जोर लावूनही पोहोचलो नाही तर कुणी हसण्याचं कारण नाही. हाच वांग १०६९ पासून राज्याच्या कारभारात मोठ्या आणि अतिशय वादग्रस्त सुधारणा करायला निघाला. लोकांनी 'परत फिर' म्हटल्यावर फिरायचं नाही, हा धडा त्याने जरा जास्तच मनावर घेतला असावा असं मला वाटतं.

आवाज कुठून येतो?

त्या सुधारणांना विरोध करणाऱ्यांत सू शी (१०३७–११०१) होता. त्याच्या कवितांतून सरकारवर टीका शोधून काढून १०७९ मध्ये त्याला तुरुंगात टाकलं, मग हुआंगझोऊला धाडलं. १०८४ मध्ये तिथून निघाल्यावर तो पोयांग सरोवर आणि यांगत्से नदीच्या संगमावरच्या 'दगडी घंटेच्या डोंगरा'पाशी आला. हे नाव का पडलं? तिथल्या मठातल्या पोराने कुऱ्हाडीने दगडावर ठोकून आवाज काढून दाखवला. सू शी हसला. दगड ठोकला तर कुठलाही वाजेल!

रात्री चांदण्यात तो मुलाला घेऊन होडीतून कड्याच्या पायथ्याशी गेला. वर पक्ष्यांचे भेसूर आवाज. परतावं असं मनात येतंय तोच पाण्यावरून घंटा-नगाऱ्यांसारखा घुमणारा नाद आला. नावाडी घाबरला. सू शीने नीट पाहिलं तर खाली दगडात कपारी आणि भेगा, आणि लाटा आत शिरून वाजताहेत. त्याचा निष्कर्ष असा, की स्वतः पाहिल्या-ऐकल्याशिवाय मत ठोकून देऊ नये. पुढचा मुद्दा मला त्याहून मोठा वाटतो. तो म्हणतो, शिकलेले लोक रात्री कड्याखाली होडी लावत नाहीत. कोळी आणि नावाडी यांना सगळं ठाऊक असतं, पण त्यांना लिहिता येत नाही.

गंमत म्हणजे पुढच्या काळात काही अभ्यासूंनी पाणी ओसरल्यावर तो डोंगर पाहिला. त्यांचं म्हणणं पडलं, की डोंगर आतून पोकळ, उपड्या घंटेसारखा आहे, म्हणून हे नाव. सू शी गेला तेव्हा उन्हाळ्यातलं भरलेलं पाणी होतं. म्हणजे प्रत्यक्ष पाहिलं तरी एकाच रीडिंगवर निष्कर्ष काढू नये, हे आपलं प्रॅक्टिकलचं तत्त्व इथेही लागू! त्याच प्रवासात सू शी नानजिंगला जाऊन निवृत्त वांग आन्शीला भेटला. आयुष्यभराचे विरोधक स्नेहाने बोलत बसले. ही भेट मला त्या दोघांच्या लेखांइतकीच मोलाची वाटते.

ओझं कुणाच्या पाठीवर?

शेवटचा शू श्याके (१५८७–१६४१). हा अधिकारी नव्हता, तीस वर्षं निव्वळ हिंडला. चुनखडीच्या गुहा मोजल्या, यांगत्सेचा मुख्य प्रवाह जिन्शा नदीकडून येतो असं मांडलं. १६३७ मध्ये दरोड्यानंतर त्याचा सोबती भिक्षू जिंगवेन वारला. त्याला युन्नानमधल्या जिझू डोंगरावर जायचं होतं. शूने त्याच्या अस्थी वर्षभराहून अधिक काळ सोबत वागवल्या आणि तिथेच पुरल्या. पण याच शूने सरकारी परवान्याच्या जोरावर गावकऱ्यांना वेठीला धरून आपली ओझीही वाहायला लावली. हे आपल्याला कळतं, कारण त्याने स्वतःच रोजनिशीत लिहून ठेवलंय.

सुंदर जागी गेल्याने माणूस आपोआप चांगला होत नाही. जुने चिनी लेखक हे जाणून होते, म्हणूनच देखाव्याबरोबर त्यांनी टेकडीची किंमत, कराचा बोजा, उरलेली मशाल आणि नावाड्याचं ज्ञानही लिहिलं. पुढच्या अंकासाठी ट्रेकचा लेख लिहाल तेव्हा धुक्याचं वर्णन जरूर करा. फक्त वाट कुणी दाखवली, भाकरी कुणी रांधली आणि त्या गावात पाणी कुठून येतं, एवढंही लिहा.