तुझ्याच रंगाची बाटली

अगं सोनू, प्राजूच्या लग्नासाठी फाउंडेशन घ्यायचंय म्हणालीस ना, मग दुकानात जायच्या आधी माझं थोडं ऐक. काउंटरवरची मुलगी तुझ्या मनगटावर ठिपका लावून म्हणेल, "ही घ्या, उजळ दिसाल." सोबत आलेली मावशीही मान डोलावेल. दोघींचं ऐकू नकोस. तू सावळी आहेस आणि छान दिसतेस. फाउंडेशन लावायचं ते रंग एकसारखा दिसावा म्हणून, बदलावा म्हणून नाही. एक शेड उजळ घेतलीस की चेहरा राखाडी दिसतो आणि मान वेगळीच राहते. २०१७ मध्ये फेंटी ब्यूटीने एकदम ४० शेड बाजारात आणल्या, तेव्हा जगभरच्या सावळ्या-काळ्या मुलींना केवढा आनंद झाला होता! आता शेड मिळतात गं, फक्त मागायला लाजायचं नाही.

मनगटाचा रंग चेहऱ्याशी जुळेलच असं नाही. म्हणून जबड्याच्या कडेवर, गालाकडून मानेकडे, तीन शेडच्या तीन बारीक रेघा ओढ आणि बाहेर उन्हाच्या उजेडात येऊन आरशात बघ. जी रेघ शोधावी लागते, ती तुझी. दोन शेड सारख्याच गडद वाटल्या तर त्यांची झाक बघ. तुझ्या रंगात पिवळसर झाक आहे, गुलाबी झाकेची बाटली तुला उपरी दिसेल.

आणि लगेच पैसे देऊ नकोस, अर्धा-पाऊण तास बाजारात फिरून ये. फाउंडेशनचा रंग येतो पिवळ्या, तांबड्या, काळ्या आयर्न ऑक्साइडमधून आणि पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडमधून. चेहऱ्यावरचं तेल त्यात मिसळलं की शेड गडद होऊ शकते. तुझी त्वचा तेलकट, म्हणून तुला तर हे बघायलाच हवं.

तेलकट आहे म्हणून मॉइश्चरायझर टाळू मात्र नकोस. हलकं जेलचं लाव, मग सनस्क्रीन, आणि दोन्ही नीट मुरू दे. बाटलीवर एसपीएफ लिहिलंय म्हणून सनस्क्रीन सोडायचं नाही. तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजतात, तेवढं फाउंडेशन कोणी थापत नाही. तुला मॅट घे, आणि पुटकुळ्या येतात तर डब्यावर 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलंय का बघ. आईची त्वचा कोरडी आहे, तिच्यासाठी तीच बाटली वापरू नकोस हं. मॅट तिच्या सुरकुत्यांत जाऊन बसेल. तिला ओलसर, चमक ठेवणारं घे आणि पावडर जवळजवळ नकोच. ताईआजीला तर सुगंधी काही लावलं की खाज सुटते. तिच्यासाठी बिनवासाचं घे आणि आधी दोन दिवस कानामागे लावून बघ.

आता लावायचं कसं ते सांगते. स्पंज पाण्यात बुडवून फुगू दे, मग टॉवेलमध्ये घट्ट पीळ. हाताच्या पालथ्या बाजूवर एकच पंप घे. नाकाच्या दोन्ही बाजूंनी सुरुवात कर, कारण लाली आणि डाग तिथेच जास्त असतात. घासायचं नाही, टिपत टिपत बाहेर जायचं. जबड्यापर्यंत पोचेस्तोवर स्पंजवर उरलेलं पुरतं, तेच मानेवर उतरव. कान विसरू नकोस, अंबाड्यात ते उघडे पडतात. एवढ्यावरही एखादा डाग दिसलाच, तर फक्त त्यावर कन्सीलरचा ठिपका दे. त्या एका डागासाठी सगळ्या चेहऱ्यावर दुसरा थर चढवू नकोस. पावडर फक्त कपाळ, नाक, हनुवटीवर दाब. मांडवात घाम आला तर आधी टिश्यूने टिपायचं, मग पावडर. घामावर पावडर मारलीस की चट्टे पडतात.

लग्नाच्या आधीच्या रविवारी एकदा सगळं लावून दिवसभर घरात वावर, आणि फ्लॅश टाकून फोटो काढून बघ. काही पावडरी फ्लॅशमध्ये पांढऱ्याफटक दिसतात, डोळ्यांना ते कळत नाही. रात्री आधी तेलाने किंवा क्लेन्झिंग बामने पुसून मग फेसवॉश. स्पंजही साबणाने धुऊन हवेशीर जागी वाळत टाक, ओला डबीत कोंबून ठेवू नकोस.