सणाचे पक्वान्न : साखर, गूळ आणि प्रमाण

बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात वेळ अमावास्येच्या दिवशी शेतात कडब्याची कोप उभारून पूजा केली जाते आणि भज्जी-अंबिलीबरोबर गव्हाची खीर वाढली जाते. मराठी घरातील पुरणपोळी तीच कन्नड घरातील होळिगे आणि गव्हाची खीर तीच हुग्गी. या पक्वान्नांची गोडी परंपरेने गुळाची आहे. भालकी, हुमनाबाद या उसाच्या भागांत गूळ सहज उपलब्धही असतो. त्यामुळे साखर तेवढी अपायकारक व गूळ कितीही खाल्ला तरी हितकारकच, अशी समजूत दृढ झाली आहे. तिचा विचार होणे अगत्याचे आहे.

साखर व गूळ ही एकाच उसाच्या रसाची रूपे होत. साखर शुभ्र व्हावी म्हणून रसातील इतर द्रव्ये काढून टाकली जातात. गुळात ती काही अंशी राहतात. म्हणून गुळात लोह व अन्य क्षार थोड्या प्रमाणात आढळतात. तथापि १०० ग्रॅम साखरेतून सुमारे ४०० उष्मांक मिळतात, तर तेवढ्याच गुळातून सुमारे ३८०. मधुमेही व्यक्तीच्या रक्तातील शर्करा गुळानेही वाढतेच. मधाचीही गोष्ट निराळी नाही. शिवाय एक वर्षाखालील बालकास मध मुळीच देऊ नये.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार, २००० उष्मांकांचा आहार घेणाऱ्या प्रौढाने वरून घातलेली साखर, गूळ, मध इत्यादी मिळून दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, शक्य तर २५ ग्रॅमच्या आत ठेवावे. आता घरचा हिशेब पाहू. अर्धा किलो हरभरा डाळीत अर्धा किलो गूळ घालून २० पोळ्या केल्या, तर प्रत्येक पोळीत २५ ग्रॅम गूळ येतो. तोच गूळ ३५० ग्रॅम घेतल्यास पोळीमागे साडेसतरा ग्रॅम होतो. वेलदोडा, जायफळ व सुंठ यांच्या योगाने ही उणीव फारशी जाणवत नाही.

खिरीत व लाडवात बिया काढलेला खजूर किंवा मनुका वाटून घालाव्यात. त्यांतून तंतुमय अंशही मिळतो; मात्र मधुमेहींनी त्याही बेतानेच घ्याव्यात. गुळाच्या खिरीत दूध घालावयाचे असल्यास खीर निवल्यावर घालावे, म्हणजे ते फाटत नाही. गूळ निवडताना पिवळ्याधमक रंगास भुलू नये. रंग उजळण्यासाठी काही गुऱ्हाळांत हायड्रॉस पावडर वापरली जाते. भेंडीच्या चिकाने रस निवळून केलेला गडद गूळ अधिक इष्ट होय.

कृत्रिम गोडीच्या गोळ्यांविषयीही सावधगिरी हवी. वजन घटविण्यासाठी त्यांचा आश्रय घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सुचविले. हा सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे. शिवाय अ‍ॅस्पार्टेमची गोडी उष्णतेने नाहीशी होते, त्यामुळे शिजणाऱ्या पदार्थांत ते निरुपयोगी ठरते.

तात्पर्य, साखरेच्या जागी गूळ घेणे ही केवळ पहिली पायरी आहे. सणाचे पक्वान्न सणापुरते ठेवणे, गूळ मोजून घालणे आणि मुलांच्या जिभेला लहानपणापासून सौम्य गोडीची सवय लावणे, यांतच कुटुंबाचे खरे आरोग्यहित सामावलेले आहे.